दुष्काळ, आशा आणि भाषांतर : पंडिता रमाबाईंच्या जीवनाचे एक सूत्र

१

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची मांडणी मराठीत साधारणतः दोन प्रकारे झाली आहे. एका मांडणीत त्या स्त्रीशिक्षणाच्या व विधवांच्या उद्धाराच्या चळवळीतील अग्रणी ठरतात, तर दुसऱ्या मांडणीत त्यांचे धर्मांतर हाच चरित्राचा मध्यबिंदू मानला जातो, मग ते गौरवासाठी असो वा दोषारोपासाठी. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली लिहिलेले चरित्र किंवा रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाल्यानंतरचा अभ्यास यांमुळे पुष्कळ सामग्री उपलब्ध झाली असली तरी वाङ्मयेतिहासात त्यांना मिळालेली जागा बेताचीच आहे. 'स्त्रीधर्मनीति' आणि अमेरिकेचे प्रवासवर्णन यांचा उल्लेख होतो. आयुष्यातील शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी ज्या एका ग्रंथाला दिली, त्या मराठी बायबलचा मात्र ओझरता निर्देश करून अभ्यासक पुढे जातात. हा ग्रंथ धर्मप्रचाराच्या खात्यावर मांडला गेला आणि साहित्याच्या खात्यातून वगळला गेला, असे दिसते.

वस्तुतः रमाबाईंचे दुःखानुभव, त्यांनी स्वीकारलेली श्रद्धा आणि त्यांची भाषा या तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. त्यांना जोडणारे सूत्र 'आशा' या शब्दात सापडते. हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. संस्कृत सुभाषितांत आशा ही साखळी आहे, कधी ती न आटणारी नदी आहे. वैराग्यपर वाङ्मयात तिची गणना तृष्णेबरोबर होते, आणि आशेचा पाश तुटणे हे मुक्तीचे लक्षण मानले जाते. मराठी संतपरंपरेलाही ही जाणीव परकी नाही. उलट बायबलमध्ये, विशेषतः पौलाच्या पत्रांत, आशा ही विश्वास आणि प्रीती यांच्या पंक्तीला बसते. तेथे आशा सोडणे म्हणजे मोकळे होणे नव्हे, ते हरणे होय. एका परंपरेत जे बंधन, तेच दुसरीत जीवनाचा आधार. पुराणिकाची मुलगी म्हणून वाढलेल्या आणि पुढे मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकले. तिचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान वैष्णव ब्राह्मण. पत्नीला संस्कृत शिकवण्याच्या हट्टापायी त्यांनी स्वजनांचा रोष ओढवून घेतला आणि रानात आश्रम थाटला. आश्रमाच्या आतिथ्यखर्चाने ते कर्जबाजारी झाले व कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळांत पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची आणि पुढल्या क्षेत्राची वाट धरायची, असे ते जिणे होते. रमाबाईंना शाळा ठाऊक नव्हती. आईच्या तोंडून ऐकून त्यांनी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले. घरची भाषा मराठी असली तरी महाराष्ट्राबाहेर हिंडत वाढल्याने त्यांची मराठी एखाद्या गावाची वा पेठेची नव्हती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत अवर्षणांची मालिका सुरू झाली. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ सर्वश्रुत आहे. मद्रास इलाख्याबरोबर सोलापूर, विजापूर, अहमदनगर हे मुंबई इलाख्यातील जिल्हेही त्यात होरपळले. पण डोंगरे कुटुंबावर अन्नान्नदशा त्याआधीच आली होती. साठवलेला पैसा अनुष्ठानांत, ब्राह्मणभोजनांत आणि देवकार्यांत संपला. अंगावरचे दागिने, भांडीकुंडी, वस्त्रे विकली गेली. शारीरिक कष्टाची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत तिरुपतीच्या परिसरातील रानात पाने खाऊन दिवस काढल्यावर वृद्ध आणि अंध झालेल्या वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मोलमजुरी करण्याची तयारी दाखवली आणि तो बेत राहिला. तथापि १८७४ साली अनंतशास्त्री निवर्तले. काही आठवड्यांतच रायचूर येथे आईही गेली. आजारी आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला एका घरी गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. आईचा देह स्मशानात नेताना खांदेकरी पुरेसे नव्हते. मुलगी ठेंगणी, म्हणून तिला तिरडीची बाजू डोक्यावर घ्यावी लागली. थोड्याच काळात थोरली बहीणही कॉलऱ्याने गेली.

हा वृत्तांत रमाबाईंनी स्वतः १८९७ साली, म्हणजे वीस-बावीस वर्षांनंतर, दुसऱ्या दुष्काळात लिहिला, हे विसरता येत नाही. त्यात परिपक्व वयाची व बदललेल्या श्रद्धेची छटा असणारच. अनुष्ठाने निष्फळ ठरल्याचा त्यातील सूर ख्रिस्ती झालेल्या लेखिकेचा आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. वडिलांच्या धर्मात त्या क्षणी जी उत्तरे होती ती दोनच होती: देव प्रसन्न होईपर्यंत अनुष्ठान, आणि ते फसल्यास पवित्र जलात देहविसर्जन. तिसरे उत्तर श्रीनिवासाने दिले, ते हातांनी काम करण्याचे. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यातील आशेचे मूळ रूप येथे आहे. बायबल हाती पडण्यापूर्वीच तिची दिशा श्रमाकडे वळली होती, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे.

बहीणभाऊ पुढे उत्तरेकडे चालत गेले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत वाळू ओढून रात्री काढल्या. कबरीसारख्या खड्ड्यात जिवंत राहण्यासाठी झोपणे ही प्रतिमा एखाद्या कवीला सुचली असती तर कृत्रिम वाटली असती.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, सभांतून सत्कार झाले, केशवचंद्र सेनांनी वेद वाचावयास दिला. ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात संस्कृत बायबलची प्रतही मिळाली, पण त्या संस्कृताशी त्यांचे जमले नाही. हा तपशील लहान असला तरी बोलका आहे: भागवत मुखोद्गत असलेल्या विदुषीला बायबलचे पांडित्यपूर्ण संस्कृत रूप परके वाटले. १८८० साली ढाक्यात श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. सिलचरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली, आणि ती मात्र त्यांनी आस्थेने वाचली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला व १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सारे आप्त गेले आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी उरली.

३

पुण्यात १८८२ साली रमाबाईंचे स्वागत उत्साहाने झाले. आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. या पुस्तकाची भाषा संस्कृतप्रचुर आहे, भूमिका बरीचशी परंपरेला धरून आहे, परंतु स्त्रीने स्वावलंबी व्हावे हा आग्रह स्पष्ट आहे. याच काळात ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या. वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने १८८३ साली त्या मनोरमा आणि आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीमंडळात राहिल्या.

तेथील काही महिन्यांतच आनंदीबाईंनी विष घेऊन जीव दिला. त्यानंतर थोड्याच अवधीत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांच्या सान्निध्यावर पुण्यातील टीकाकारांनी त्या वेळी आणि अभ्यासकांनी नंतरही बराच तर्क केला आहे. त्या निर्णयाचा एक आधार रमाबाईंनी स्वतः नमूद केला आहे. लंडनजवळच्या फुलहॅम येथे पतित ठरवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेले घर त्यांनी पाहिले आणि अशा स्त्रियांशी इतक्या ममतेने वागण्याचे कारण विचारले. तेव्हा त्यांना विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. म्हणजे बायबलमधील पहिले जे स्थळ त्यांच्या मनाला भिडले ते तत्त्वज्ञानाचे नव्हते. गावाने दूर लोटलेल्या, पाणी भरायला एकटीच आलेल्या बाईचे ते स्थळ होते.

बाप्तिस्म्याने त्या शांत झाल्या असे मुळीच नाही. अँग्लिकन गुरुजनांशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. त्रैक्याचा सिद्धान्त, धर्माधिकाऱ्यांची सत्ता, मनोरमेच्या शिक्षणात कोणाचा शब्द चालावा, अशा प्रत्येक प्रश्नावर त्यांनी आपली विवेकबुद्धी गहाण ठेवण्यास नकार दिला. वडिलांकडून आलेली वादकुशलता येथे कामी आली. बहिरेपण वाढत गेल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात काही काळ काढून १८८६ साली, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने, त्या अमेरिकेला गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची साहाय्यसंस्था निघाली. १८८९ साली प्रकाशित झालेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे त्यांच्या मराठी गद्याचे पहिले प्रौढ रूप मानावे लागेल. 'स्त्रीधर्मनीति'तील सामासिक रचना येथे सैलावली आहे, निरीक्षण तिखट झाले आहे आणि विनोदाला जागा मिळाली आहे. संस्कृतापासून बोलीकडे हा त्यांच्या गद्याचा प्रवास येथून सुरू होतो. बायबलच्या भाषांतरात तो आपल्या टोकाला पोचला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे वचन होते आणि प्रारंभी ते पाळलेही गेले. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या. त्यांना मज्जाव करावा की नाही, हा प्रश्न १८९३ मध्ये चिघळला. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने कडक टीका केली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणी दोन्ही बाजूंना काही अंशी न्याय आहे. सुधारकांच्या दृष्टीने विश्वासाचा भंग झाला होता, तर रमाबाईंच्या दृष्टीने स्वतःच्या घरात उघडपणे प्रार्थना करणे हा गुन्हा नव्हता. पण पुण्याच्या बुद्धिजीवी समाजाशी असलेला त्यांचा दुवा येथे तुटला आणि मराठी साहित्यविश्वानेही त्यांच्याकडे पाठ फिरवली, ती बराच काळ तशीच राहिली.

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेतही बदल झाला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना असे वाटले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अद्याप स्वीकारलेला नाही. तोवरचा स्वीकार बुद्धीचा होता. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी या अवस्थेचे वर्णन केले आहे. ते वाचताना आशा आणि निराशा यांचे त्यांचे गणित सामान्य कल्पनेहून वेगळे असल्याचे ध्यानात येते. त्यांना निराशेची भीती सर्वांत जास्त वाटली ती बाह्य यश मिळत असताना. उपासमारीच्या दिवसांत ती वाटली नव्हती.

४

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव हे लहानसे स्थानक आहे. हाच मार्ग १८६० साली सोलापूरला आणि १८७१ साली रायचूरला पोचला. म्हणजे ज्या रायचुरात रमाबाईंची आई गेली आणि ज्या केडगावात त्यांनी उर्वरित आयुष्य घालवले, ती दोन्ही ठिकाणे एकाच लोहमार्गावर आहेत आणि सोलापूर त्यांच्या मधोमध येते. १८९० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नातून शाळा चालावी हा मूळ हेतू. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, परकीय देणगीवरील भरवसा संपत आला असताना, माळावर विहिरी खणून झाडे लावणे हे व्यवहाराच्या दृष्टीने धाडसच होते. यरुशलेमला वेढा पडलेला असताना आणि पराभव डोळ्यांसमोर दिसत असताना यिर्मया शेत विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात जपून ठेवतो, ही बायबलमधील कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्या कथेत आशा ही भावना नसून दस्तऐवज आहे.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा त्याचे चटके सोलापूर जिल्ह्यालाही बसले. अमेरिकन मराठी मिशनसारख्या संस्था या भागात निराश्रित मुलांना आसरा देऊ लागल्या. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या मुली, त्यांना गाठणारे दलाल, दुष्काळी कामांवरील छावण्यांची दशा हे सारे त्यांनी पाहिले. पाहताना स्वतःचे सतरावे वर्ष समोर उभे राहिले असावे, कारण याच वेळी त्यांनी पहिल्या दुष्काळाची आठवण प्रथम लिहून काढली. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने सर्वांना केडगावच्या शेतावर, आधी तंबूंत आणि झोपड्यांत ठेवावे लागले. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांशी होणाऱ्या वर्तनाविषयी त्यांनी १८९७ मध्येच वृत्तपत्रात उघड तक्रार केली आणि तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. सरकारच्या मर्जीची पर्वा त्यांनी केली नाही, हे त्यांना साम्राज्याच्या आश्रित म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवे. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या आणि 'मुक्ती'ची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

'मुक्ती' हे नाव यशयाच्या ग्रंथातील, नगराच्या भिंतींना तारण असे नाव देणाऱ्या वचनाशी जोडले जाते. शब्द मात्र भारतीय परंपरेतला आहे, आणि तेथे आशेच्या त्यागानंतर लाभणारी अवस्था असा त्याचा अर्थ आहे. रमाबाईंनी तो चार भिंतींच्या, विहिरीच्या, मागाच्या आणि स्वयंपाकघराच्या जागेला दिला. मुली विणकाम, शेती, तेल गाळणे, शिवण, छपाई शिकल्या, आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन उभे राहिले. १९०५ मध्ये येथे धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. रात्ररात्र प्रार्थना, अश्रू, पापांची कबुली असे तिचे स्वरूप होते. पाश्चात्त्य मिशनरी वृत्तपत्रांनी तिचे वर्णन उत्साहाने केले. पण त्या मुलींची बहुसंख्या भुकेतून, मृत्यूतून आणि अत्याचारातून आली होती व आपले दुःख मोठ्याने उच्चारण्याची संधी त्यांना बहुधा पहिल्यांदाच मिळत होती, या अंगाकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. बायबलमध्ये या उच्चाराला मोठे स्थान आहे. विलापगीत हा तर पूर्ण ग्रंथच आक्रोशाचा आहे. ईयोब देवाला जाब विचारतो. एक स्तोत्र अंधारातच संपते. दुःख माया आहे असे तेथे कोणी सांगत नाही, आणि ते पूर्वकर्माचे फळ आहे हे ईयोबाच्या मित्रांचे म्हणणे ग्रंथातच खोटे ठरवले जाते. बालविधवेला तिच्याच पापाचे फळ म्हणून हिणवणाऱ्या समाजातून आलेल्या स्त्रीला ईयोबाच्या कथेचे मोल किती वाटले असेल, याची कल्पना करता येते.

रूथची कथा तर याहूनही जवळची आहे. तिचा आरंभच दुष्काळाने होतो. अन्नासाठी परमुलखात गेलेले कुटुंब, तेथे एकामागून एक झालेले मृत्यू, उरलेल्या तीन विधवा, आणि स्वतःला कडवट म्हणवून घेणारी नामी. पुढे देव आकाशातून बोलत नाही की चमत्कार घडत नाही. सून शेतात सरवा वेचायला जाते आणि संध्याकाळी धान्य घेऊन परतते, एवढेच घडते. केडगावात जे चालले होते त्याचे याहून नेमके पूर्वरूप शोधून सापडणार नाही.

५

बायबलच्या भाषांतराचे काम रमाबाईंनी १९०५ च्या सुमारास हाती घेतले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरहून विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला होता. पुढे बायबल सोसायटीच्या आश्रयाने झालेली भाषांतरे व त्यांच्या सुधारित आवृत्त्या मंडळ्यांत वाचल्या जात होत्या, आणि त्या कार्यात बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकाचाही हात होता. मग नव्या भाषांतराची गरज रमाबाईंना का वाटली? त्यांची हरकत मुख्यतः भाषेवर होती. रूढ भाषांतर शास्त्री-पंडितांच्या मदतीने घडलेले, संस्कृत शब्दांनी जड झालेले होते. केडगावच्या खेडवळ मुलींना ते समजत नसे. शिवाय त्या शब्दांबरोबर दुसऱ्या दर्शनांचे अर्थ अनाहूतपणे आत येतात, अशी त्यांची तक्रार होती.

हा आक्षेप कोणी घेतला हे महत्त्वाचे आहे. संस्कृत न जाणणाऱ्याने संस्कृताला नाके मुरडणे ही वेगळी गोष्ट. येथे ज्या स्त्रीला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, जिच्या वडिलांनी स्त्रीला संस्कृत शिकवण्यासाठी वनवास पत्करला, ती स्त्री आपल्या वारशातील सर्वांत मौल्यवान वस्तू बाजूला ठेवते आणि अशिक्षित मुलींच्या बोलीकडे वळते. त्यागाचे एवढे मोठे उदाहरण मराठी गद्याच्या इतिहासात सहसा आढळत नाही. वडिलांनी एका स्त्रीपर्यंत शास्त्र पोचवले, मुलीने शेकडो स्त्रियांपर्यंत ते पोचवण्यासाठी शास्त्राची भाषाच सोडली.

या भूमिकेची तुलना समकालीन नारायण वामन टिळकांशी करावीशी वाटते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आले अशी त्यांची स्वतःची धारणा होती. त्यांनी अभंग, ओवी, भजन यांना ख्रिस्ती भक्तीत मानाचे स्थान दिले आणि भक्तिपरंपरेतील शब्द जुन्या सुगंधासह उचलले. रमाबाईंची वाट उलटी होती. त्यांना सुगंधच नको होता. काव्यदृष्ट्या टिळकांची वाट अधिक फलदायी ठरली, यात शंका नाही. ती मराठी मंडळ्यांच्या गायनात आजही टिकून आहे. परंतु रमाबाईंची ख्रिस्तीपूर्व स्मृती भुकेची होती. ज्या शब्दांनी अनुष्ठाने झाली आणि भाकर मिळाली नाही, ते शब्द त्यांना पुन्हा वापरता येईनात, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

मूळ भाषा शिकण्यासाठी त्यांनी वयाच्या पंचेचाळिशीनंतर इब्री व ग्रीक यांचा अभ्यास केला. कान जवळजवळ निकामी, संस्थेचा व्याप हजारोंचा, आणि त्यात हे काम. संपूर्ण बायबल एका स्त्रीने मूळ भाषांवरून एकहाती उतरवल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे १८७६ चे इंग्रजी भाषांतर हे त्यांतील आधीचे. पण स्मिथबाईंचे पुस्तक बाहेरच्या छापखान्यात छापले गेले. रमाबाईंचे बायबल केडगावातच छापले गेले. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, घड्या घालणे, बांधणी करणे ही कामे संस्थेतील स्त्रियांनी केली. त्यांतील पुष्कळजणी दुष्काळात वेचून आणलेल्या होत्या आणि अक्षरओळखही तेथेच झालेली होती.

आता 'आशा' या शब्दाकडे पुन्हा वळता येईल. इब्रीतील 'तिक्वा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: आशा आणि दोर. यहोशवाच्या ग्रंथात राहाब ही यरीहोची वेश्या आपल्या खिडकीला किरमिजी दोर बांधते, नगराचा पाडाव होताना तिचे घर त्या खुणेने वाचते, आणि तेथे दोरासाठी हाच शब्द आला आहे. त्याचे धातुरूप पिळणे, ताणणे आणि वाट पाहणे या अर्थांशी निगडित आहे. संस्कृत सुभाषितातील साखळी आणि इब्रीतील हा दोर समोरासमोर ठेवले म्हणजे दोन संस्कृतींची प्रतिमा एकच पण व्यापार भिन्न, हे चटकन दिसते. साखळी माणसाला बांधून धावायला लावते, दोर बुडणाऱ्याच्या हाती लागतो. मराठी बायबलच्या परंपरेत 'आशा' हाच शब्द रूढ झाला आणि त्याला वेगळा पर्यायही नव्हता. अशा ठिकाणी भाषांतरकाराला शब्द बदलता येत नाही. अर्थाचा बदल वाचकाच्या जगण्यात घडावा लागतो, आणि केडगावच्या वाचकांच्या बाबतीत तो घडत होता. वैराग्यपर वाङ्मयाने आशेविरुद्ध दिलेला इशारा भरल्या घरच्या माणसाला उद्देशून आहे. जिच्यापाशी सोडण्यासारखे काहीच उरलेले नाही, अशा मुलीला आशा सोड असे सांगण्यात अर्थ नसतो.

भाषांतराचे मूल्यमापन करताना दोषही सांगितले पाहिजेत. मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याच्या आग्रहामुळे रमाबाईंची वाक्यरचना अनेक ठिकाणी इब्रीच्या वळणाने जाते आणि बोलीच्या सहजतेला बाध येतो. सोपा शब्द आणि अवघड वाक्य असा विचित्र संयोग होतो. १८८९ च्या प्रवासवृत्तातील खेळकर गद्यलेखिका येथे हेतुपुरस्सर लपली आहे. पवित्र शब्दावर आपला ठसा उमटू नये, ही भूमिका धार्मिक दृष्ट्या समजण्यासारखी असली तरी वाङ्मयदृष्ट्या ती महाग पडली. त्यांना अभिप्रेत असलेला वाचक, खेड्यातील साधी स्त्री, आणि त्यांची पद्धती यांच्यात हा ताण अखेरपर्यंत राहिला. आणखी एक बाब: संस्कृत शब्दांतील परके अर्थ टाळण्याचा त्यांचा यत्न पूर्णतः यशस्वी होणे शक्यच नव्हते. मराठीतून संस्कृत वजा करता येत नाही, आणि बोलीतले शब्दही काही कोरे नसतात.

काम चालू असताना मनोरमा हाच त्यांचा उजवा हात होता. तिने शारदासदन सांभाळले. १९१३ मध्ये गुलबर्ग्यास, म्हणजे सोलापूरच्या पुढच्या मुलखात, शाळा उघडण्यात तिचाच पुढाकार होता. संस्थेचा वारसा तिच्याकडे जाणार हे गृहीत होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या रुग्णालयात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती वारली. पहिल्या दुष्काळापासून रमाबाईंनी ज्या ज्या माणसाचा हात धरला, तो हात अशा रीतीने सुटत गेला. या शेवटच्या आघातानंतर त्यांनी काय लिहिले वा बोलल्या यापेक्षा त्यांनी काय केले ते अधिक ठळक आहे: त्या जुन्या कराराच्या मुद्रितांकडे परतल्या. मृत्यू जवळ आला असता काम पुरे करण्यापुरते थोडे दिवस त्यांनी प्रार्थनेत मागून घेतले आणि शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर त्या गेल्या, अशी हकीकत त्यांच्या सहवासातील माणसांनी सांगितली आहे. भक्तांच्या आठवणींना असतो तसा आकार तिलाही आला असेल. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्या वेळी चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास अठरा दिवस उरले होते.

संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीची आवृत्तीच चालू राहिली आणि रमाबाईंचे बायबल मुक्तीच्या परिघाबाहेर फारसे गेले नाही. त्याच्या पानांवरील खिळे जुळवणाऱ्या स्त्रियांची नावे वाङ्मयेतिहासात कोठेही आढळत नाहीत.